सत्तरीचा दाखला

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझ्या आईचा जन्म कधी झाला हे मला बरेच नेमके सांगता येते. सिद्ध मात्र करता येत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरहून निघून निजामाच्या हद्दीत शिरल्या आणि त्याच दिवशी नळदुर्ग त्यांच्या ताब्यात आले. माझे आजोळ नळदुर्गपासून काही कोसांवरचे. नानी सांगायची, फौज आली त्या दिवशी तुझ्या अम्मीचा छिल्ला अजून संपला नव्हता. छिल्ला म्हणजे बाळंतिणीचे चाळीस दिवस. तेवढ्या दिवसांत ती उंबऱ्याबाहेर पडत नाही. नानीला मात्र पडावे लागले. कापडात गुंडाळलेले मूल घेऊन ती रात्रीच्या वेळी बैलगाडीत बसली आणि पुढे नात्यागोत्यातून सोलापूरला आली.

म्हणजे हिशेब सोपा आहे. अम्मीचा जन्म ४ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर १९४८ या चाळीस दिवसांतला. इतिहासाच्या पुस्तकात ज्याला पोलीस ॲक्शन म्हणतात, ती आमच्या घरात अम्मीचे वय मोजण्याची खूण आहे.

मित्रहो, हे घरगुती पुराण सांगण्याचे कारण असे की, २९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला घेण्यास सुरुवात केली. गरीब असो की श्रीमंत, उत्पन्न विचारायचे नाही. फक्त वय पाहायचे. अम्मी तेव्हा शहात्तर वर्षांची होती. मी तिचे आधार कार्ड घेऊन केंद्रावर गेलो. तिथल्या मुलाने संगणकात पाहिले आणि म्हणाला, ‘‘काका, आजींना अजून सत्तर झाली नाहीत. अडुसष्ट चालू आहे.’’ आधारवर जन्मतारीख होती १ जानेवारी १९५६.

त्या दिवशी मी रित्या हाताने परत आलो आणि मग वाचत गेलो. सरकारी आरोग्यविमा आपल्याकडे आला कसा, त्यात म्हातारा माणूस शिरला कधी आणि यादीत नाव घालताना त्याला काय काय विचारले गेले, याचा तो शोध होता. मी काही इतिहासकार नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण या गोष्टीतले काही धागे माझ्या घरातून गेलेले आहेत, म्हणून बोलतो.

आजारपणाचा सक्तीचा विमा ही मूळ जर्मनीची कल्पना. बिस्मार्कच्या राजवटीत १८८३ साली कामगारांसाठी तो कायदा झाला. सहा वर्षांनी, १८८९ साली, वार्धक्याच्या पेन्शनचा कायदा आला, आणि त्यात पेन्शनचे वय ठेवले होते सत्तर. १९१६ साली ते पासष्टवर आणले. आपल्याकडच्या २०२४ च्या सत्तरीशी या सत्तरीचा संबंध नाही, पण आकडा वाचून मी थबकलो खरा. लक्षात ठेवायची गोष्ट ही की आजारपणाचा विमा आधी आला आणि तो कामावर असलेल्या माणसासाठी होता. गिरणीत, कारखान्यात जो हात राबतो तो आजारी पडला तर मजुरी बुडते आणि यंत्रही थांबते. विम्याचा जन्म या दोन्ही काळज्यांतून झाला.

हिंदुस्थानात ही चर्चा पोचायला चाळीसेक वर्षे लागली. १९२७ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने आजारपणाच्या विम्याचे करार मंजूर केले. आपल्याकडे व्हिटले आयोगाने, ज्यात आपले ना. म. जोशी सभासद होते, १९३१ च्या अहवालात या प्रश्नाचा विचार केला. पुढे बरीच वर्षे कागदच हलत राहिले. मग महायुद्ध आले आणि युद्धाच्या मध्यावर, डिसेंबर १९४२ मध्ये, इंग्लंडात विल्यम बेव्हरिज यांचा तो प्रसिद्ध अहवाल निघाला.

या बेव्हरिजसाहेबांविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. त्यांचा जन्म बंगालमधल्या रंगपूरचा, १८७९ चा. वडील सनदी नोकर. आई ॲनेट बेव्हरिज या मोठ्या विदुषी. बाबराच्या आत्मचरित्राचे आणि त्याची मुलगी गुलबदन बेगम हिच्या ‘हुमायूननामा’चे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले. हुमायून आजारी पडला तेव्हा बाबर त्याच्या बिछान्याभोवती फिरला आणि ‘याच्या बदल्यात माझा जीव घे’ अशी दुआ त्याने मागितली, ही कथा गुलबदन बेगमने लिहून ठेवली आहे. बापाने जीव गहाण टाकून मुलाचा आजार सोडवायचा, ही आपल्याकडची जुनी विमा पद्धत! ती कथा इंग्रजीत नेणाऱ्या बाईच्या मुलाने साऱ्या देशाला आजारपणात आधार देण्याची योजना लिहावी, हा योगायोग मला कवितेपेक्षा मोठा वाटतो. असो.

बेव्हरिज अहवालानंतर तीनच महिन्यांनी, मार्च १९४३ मध्ये, हिंदुस्थान सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांना औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. ऑगस्ट १९४४ मध्ये आडारकरांनी अहवाल दिला. पंडित नेहरू त्यांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हणत. त्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. माझी आई आणि हा कायदा एकाच वर्षाचे, हे मला हल्लीच ध्यानात आले.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. कानपूरच्या सभेला नेहरू गेले होते. योजनेचे पहिले मानद विमेदार म्हणून त्यांनी फॉर्मवर सही केली. नेहरू तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. म्हणजे पहिली सही एका ज्येष्ठ नागरिकाची. पण योजना ज्येष्ठांची नव्हती. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांतला, महिना चारशे रुपयांपर्यंत पगाराचा कामगार तिच्यात येई. सुरुवातीला तर तो एकटाच. बायको-मुलांना औषधपाणी मिळू लागले ते १९५८ पासून, टप्प्याटप्प्याने. महाराष्ट्रात १९५४ साली नागपूर आणि मुंबईपासून आरंभ झाला.

म्हाताऱ्यांचा विचार कुणी केलाच नाही का? कागदावर केला होता. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, आजारपण आणि अपंगत्व यांच्याबरोबर वार्धक्याचाही उल्लेख आहे. अशा वेळी राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे मदत करावी, असे ते सांगते. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच म्हटले होते की, पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये. पण त्या वेळचा भारत डोळ्यांपुढे आणला पाहिजे. १९५१ च्या सुमारास जन्मावेळचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ सगळे बत्तिसाव्या वर्षी मरत असा नव्हे. पाळण्यातली मुले इतकी दगावत की सरासरी खाली येई. जो तरला तो साठी-सत्तरी गाठू शकत होता. साठीपुढची माणसे तेव्हाही दोन कोटींच्या घरात होती. मात्र देवी, पटकी, हिवताप, क्षय यांच्याशी झगडणाऱ्या सरकारला म्हातारपण हा प्रश्न वाटला नाही. तो घरचा मामला होता. मुलगा आहे ना? मग झाले तर.

नाही म्हणायला एका वर्गाची सोय लागली. १९५४ साली दिल्लीत केंद्र सरकारी नोकरांसाठी आरोग्य योजना निघाली, ती १९६३ साली मुंबईत आली आणि निवृत्तांनाही तिच्यात जागा मिळाली. सरकारी नोकरी करून म्हातारे झालेले लोक सावलीत आले. उरलेले उन्हात.

आता माझ्या अब्बांकडे येतो. ते सोलापूरच्या एका गिरणीत होते. पोरपणी मी त्यांच्याबरोबर विम्याच्या दवाखान्यात जायचो. बाकावर रांगेने बसलेले कामगार, हातात ते विम्याचे कार्ड, आणि खिडकीतून मिळणारे गुलाबी मिक्श्चर. बाटली घरूनच न्यायची. लोक नावे ठेवत. ‘सगळ्या रोगांना एकच औषध’ असे म्हणत. पण माझ्या धाकट्या बहिणीचा टायफॉइड त्याच खिडकीतून बरा झाला आणि अम्मीच्या दोन बाळंतपणांना पैसा लागला नाही. कार्डात आम्हा सगळ्यांची नावे होती. आमच्या नावांचा सरकारदरबारी एवढाच काय तो मान.

१९९६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, अब्बा निवृत्त झाले. गिरणीने नारळ दिला, शाल दिली. कार्ड संपले. पगारातून वर्गणी कापली जात होती तोवर दवाखाना होता; पगार थांबला, दवाखाना थांबला. आणि दम्याचा खरा त्रास सुरू झाला तो त्यानंतर. कापसाच्या धुळीत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाची छाती निवृत्तीच्या तारखेपर्यंत दम धरते आणि मग हिशेब मागते. आम्ही खासगी दवाखाने केले. अम्मीच्या पाटल्या गेल्या. २००१ साली अब्बा गेले.

त्यानंतर आठ वर्षांनी एका जुन्या कामगार कार्यकर्त्याने मला जे सांगितले ते ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. निवृत्त कामगारांसाठी नियम होता. किमान पाच वर्षे विमेदार राहून वयोमानाप्रमाणे निवृत्त झालेल्या माणसाला महिन्याला दहा रुपये, म्हणजे वर्षाचे एकशेवीस रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी तोच दवाखाना, तेच इस्पितळ चालू ठेवता येत होते. एकशेवीस रुपये! अब्बांनी अर्ज केला नाही, कारण असा अर्ज असतो हेच त्यांना ठाऊक नव्हते. कार्ड परत घेणाऱ्या कारकुनाने सांगितले नाही. त्याला तरी माहीत होते की नाही कोण जाणे. मी पदवीधर होतो, मीही विचारले नाही. योजना असणे आणि योजनेत नाव असणे यांत किती अंतर असते, ते मी त्या पाच वर्षांत शिकलो, पण शिकलो हे नंतर कळले.

या अंतराची गंभीर दखल घेतलेली एक घटना मला अमेरिकेच्या इतिहासात सापडली. तिथे गाडी आपल्या उलट दिशेने धावली. आपण कामगारापासून सुरुवात केली, त्यांनी म्हाताऱ्यांपासून. अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ साली साऱ्या जनतेसाठी आरोग्यविमा मांडला होता, तो बारगळला. डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध होता. शेवटी ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी पासष्ट वर्षांवरील सर्वांसाठी ‘मेडिकेअर’च्या कायद्यावर सही केली. त्यासाठी ते मुद्दाम मिसूरी राज्यात, ट्रुमन यांच्या गावी, इंडिपेंडन्सला गेले. पहिले कार्ड म्हाताऱ्या ट्रुमनना मिळाले.

१ जुलै १९६६ ला योजना प्रत्यक्ष सुरू व्हायची होती. मधल्या अकरा महिन्यांत त्यांनी जे केले ते वाचण्यासारखे आहे. इस्पितळाचा विमा बहुतेकांना आपोआप मिळणार होता. डॉक्टरांच्या फीचा भाग मात्र ऐच्छिक होता, महिन्याला तीन डॉलर वर्गणीचा. त्यासाठी माणसाने स्वतः ‘हो’ म्हणायला हवे. मग पत्रे गेली, माणसे दारोदार गेली, जंगलात एकटे राहणारे म्हातारे शोधायला वनरक्षकांना सांगण्यात आले. मार्चअखेरची मुदत वाढवून मेअखेर केली. योजना सुरू झाली त्या दिवशी सुमारे एक कोटी नव्वद लाख लोक तिच्यात होते. जन्मदाखला नसलेल्यांची संख्या तिथेही मोठी होती. अशांसाठी जुन्या जनगणनेच्या नोंदी किंवा घराण्याच्या बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेली जन्मतारीख पाहिली जाई.

आणखी एक. ज्या इस्पितळाला मेडिकेअरचे पैसे हवेत त्याला काळ्या-गोऱ्यांचे वेगळे वॉर्ड ठेवता येणार नाहीत, अशी अट १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे लागू झाली. दक्षिणेकडच्या शेकडो इस्पितळांतल्या मधल्या भिंती त्या एका उन्हाळ्याआधी पडल्या. म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याने हे काम केले.

आपल्याकडे मात्र साठी ओलांडलेल्या माणसाला विमा म्हटले की दार लोटून घेण्याची रीत पडली. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणला. हप्ता भरू शकणाऱ्या मध्यमवर्गाला तो मिळाला. पण वय वाढले की हप्ता वाढे, आणि आधीपासून असलेला आजार वगळला जाई. म्हातारपणी आधीपासून नसलेला आजार कुठला असतो? २००३ साली गरिबांसाठी सार्वत्रिक आरोग्यविमा आला. दिवसाला एक रुपया, वर्षाला तीनशे पासष्ट, आणि तीस हजारांपर्यंत खर्च. जाहिरात छान होती. आत वयाची अट होती: पासष्टपर्यंत. पुढे ती सत्तर केली.

२००८ पासून राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू झाली. तिच्यात वयाची अट नव्हती, तीस रुपये नोंदणी फी होती आणि अंगठ्याच्या ठशाचे स्मार्ट कार्ड होते. योजना पुष्कळ बरी. फक्त एका कार्डावर पाचच माणसे: कुटुंबप्रमुख, त्याची जोडीदार आणि तीन अवलंबित. तीन मुले असलेल्या घरात सहावे माणूस कोण असते, हे मी सांगायला नको. तिथे सरकारने म्हातारीला वगळले नाही. ते काम घरावर सोपवले. त्याच सुमारास, २००७ साली, आई-वडिलांच्या चरितार्थाचा कायदा झाला, ज्याने मुलांना कोर्टात खेचता येते. म्हणजे जो मुलगा कार्डावर आईचे नाव घालू शकत नव्हता, त्याच्यावरच तिच्या पालनपोषणाची कायद्याने जबाबदारी. दोष कुणाचा म्हणायचा? २०१६ साली त्या कार्डावरच्या प्रत्येक ज्येष्ठामागे आणखी तीस हजारांची सोय केली गेली, पण मुळात कार्डावर नाव हवे.

आपल्या राज्याने १९९७ साली जीवनदायी योजना काढली. २ जुलै २०१२ रोजी ती नव्या रूपात, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून, आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत सोलापूर होते. पिवळे किंवा केशरी शिधापत्रिका, वर्षाला कुटुंबामागे दीड लाख. हृदयाच्या शस्त्रक्रिया झालेली माणसे आमच्या गल्लीत पहिल्यांदा दिसू लागली ती त्यानंतर. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि जुलै २०२४ पासून ती पाच लाखांपर्यंत आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली. मधे, २३ सप्टेंबर २०१८ ला, केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. तिने आधीच्या चुकीपासून धडा घेतला: कुटुंबात किती माणसे आणि कुठल्या वयाची, यावर मर्यादा नाही. पण कुटुंबांची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून ठरलेली. त्या यादीत ज्याचे घर नाही, त्याची आई पण नाही.

या पार्श्वभूमीवर २०२४ चा निर्णय मला मोठा वाटतो आणि तो मोठा का, हे समजून घेतले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच आपल्या देशात देशव्यापी योजनेने म्हातारपण हीच पात्रता मानली. तू कुठे नोकरी केलीस, तुझे रेशनकार्ड कुठल्या रंगाचे, तुझ्या मुलाने तुझे नाव घातले का, हे काही न विचारता.

ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात हा प्रश्न असेल, म्हणून व्यवहाराचेही सांगतो. सत्तर पूर्ण झालेल्यांना ‘वय वंदना’ नावाचे वेगळे कार्ड मिळते. वर्षाला पाच लाखांपर्यंत इस्पितळातले उपचार. घरात आजी-आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. ज्यांचे कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत आहे त्यांच्या ज्येष्ठांना हे पाच लाख जादा मिळतात आणि ते घरातल्या तरुणांवर खर्च होत नाहीत. जुना मधुमेह, जुने हृदयदुखणे पहिल्या दिवसापासून चालते, थांबण्याची मुदत नाही. खासगी पॉलिसी किंवा कामगार विमा असला तरी हे कार्ड घेता येते. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावे लागते. नोंदणी मोबाइलवर, सेवा केंद्रावर किंवा योजनेतल्या इस्पितळात होते. १४५५५ हा फोन आहे. कागद एकच लागतो: आधार.

आणि इथेच अम्मी अडली.

भारतात जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा देशभर एकच कायदा झाला तो १९६९ साली. २०२४ मध्ये जो माणूस सत्तर वर्षांचा होता, तो या कायद्याच्या पंधरा वर्षे आधी जन्मला. शहरात, दवाखान्यात जन्मला असेल किंवा शाळेत गेला असेल तर कागद असण्याचा संभव. अम्मी खेड्यात, संस्थानी मुलखात, एका पडत्या राजवटीच्या शेवटच्या महिन्यात जन्मली. शाळा तिने बाहेरून पाहिली. अशा लोकांचे वय जनगणनेचे प्रगणक कसे लिहीत, ठाऊक आहे? त्यांच्याजवळ स्थानिक घटनांची यादी असे. अमुक दुष्काळ, अमुक पूर, तेव्हा तुम्ही केवढे होता, असे विचारून ते वय काढत. आधारची नोंदणी आमच्या मोहल्ल्यात झाली तेव्हा शाळेच्या वर्गात दोनशे माणसांची रांग होती. मुलाने अम्मीला वय विचारले. ती म्हणाली, असेल पन्नास-पंचावन्न. त्याने वर्ष टाकले आणि तारीख नसल्यामुळे १ जानेवारी. आमच्या गल्लीतले निम्मे म्हातारे १ जानेवारीला जन्मले आहेत.

मी घरचे कागद काढले. मतदार ओळखपत्रावर १ जानेवारी १९९५ रोजी वय बेचाळीस, म्हणजे जन्म १९५३ च्या आसपास. २००५ च्या रेशनकार्डावर पन्नास, म्हणजे १९५५. आधार १९५६. जसजशी वर्षे जात होती तसतशी अम्मी कागदावर तरुण होत होती! आधार दुरुस्तीला गेलो तर जन्माचा पुरावा मागितला. आजोळच्या तालुक्याला गेलो, दोनदा. जुनी दफ्तरे दाखवली, म्हणजे कपाट दाखवले. त्या वर्षाचे काही नव्हते. तिथल्या माणसाला मी नळदुर्ग, फौज, छिल्ला हे सगळे सांगितले. त्याने ते आदराने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘सर, हे लेखी आहे का?’’

एक विसंगती सांगतो. योजना सुरू झाली २९ ऑक्टोबर २०२४ ला. त्याआधी पाच दिवस, २४ ऑक्टोबरला, मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मृताचे वय शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून धरले, आणि आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे असे स्पष्ट केले. म्हणजे न्यायालयात आधारवरचे वय ग्राह्य नाही आणि विम्याच्या खिडकीवर दुसरे कुठलेच वय ग्राह्य नाही. दोघांचीही कारणे मला कळतात. एका कागदावर काम व्हावे म्हणून आधार ठेवले आणि त्याने लाखोंची दगदग वाचली, हे मी नाकारत नाही. पण सत्तरीच्या पिढीसाठीच योजना काढायची, आणि ज्या पिढीजवळ जन्माचा कागद सर्वांत कमी तिलाच कागदावरचे वय विचारायचे, तर जनगणनेच्या प्रगणकाजवळ होती तशी घटनांची एक यादी त्या खिडकीवर का नसावी?

अम्मी अगदीच उघड्यावर नव्हती, हेही सांगितले पाहिजे. राज्याच्या योजनेत माझ्या शिधापत्रिकेवर तिचे नाव होते आणि २०२५ च्या पावसाळ्यात मोतीबिंदू सोडला तर तिला काही झाले नाही. आम्ही वाट पाहिली. १ जानेवारी २०२६ रोजी, सत्त्याहत्तर वर्षांची माझी आई आधारच्या हिशेबाने सत्तर वर्षांची झाली.

त्याच आठवड्यात तिला घेऊन केंद्रावर गेलो. पूर्वीचाच मुलगा होता. अंगठा काही उठेना. विड्या वळून झिजलेली बोटे. मग त्याने कॅमेऱ्यासमोर बसवून चेहऱ्यावरून ओळख पटवली. पडद्यावर हिरवी खूण आली तसा तो हसून म्हणाला, ‘‘आजी, आता तुम्ही म्हाताऱ्या झालात बरं का!’’

अम्मी म्हणाली, ‘‘बेटा, मैं तो कब की बुढ्ढी हुई, कागद अब हुआ.’’

रिक्षात बसल्यावर तिने कार्डाची छापील प्रत उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारले, यावर बीपीच्या गोळ्या मिळतात का? मी म्हटले, नाही अम्मी, इस्पितळात भरती झालं तरच; रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. तिने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि म्हणाली, मग वाटेत औषधाच्या दुकानापाशी थांबव, दोनच राहिल्या आहेत.